लाल लुगड्यावरची पांढरी रेघ

फार पूर्वी चित्रं दगडावरून छापली जात. खोटं वाटत असेल तर वाटू द्या, पण खरंच तसं होतं. गुळगुळीत घासलेल्या दगडावर कारागीर तेलकट खडूने उलटं चित्र काढायचा. मग दगडावर ओला हात फिरवायचा आणि त्यानंतर शाईचा रूळ. तेलाचं आणि पाण्याचं जमत नाही, हे तर स्वयंपाकघरात रोजच दिसतं. ओल्या दगडाला शाई चिकटत नसे, खडूच्या रेघेला मात्र चटकन चिकटे. वर कागद ठेवून दाबला की चित्र सुलटं होऊन कागदावर उतरे. लाल रंगाला एक दगड, निळ्याला दुसरा, पिवळ्याला तिसरा. या छपाईला लोक शिळाछाप म्हणत.

नदीकाठच्या एका गावात असा एक छापखाना होता. त्याचं एकच चित्र गाजलं, पण असं गाजलं की विचारू नका. यशोदा ताक घुसळते आहे, कृष्णाने रवीची दोरी धरली आहे आणि बलरामाचा हात लोण्याच्या मडक्यात आहे. यशोदेच्या अंगावर लालभडक लुगडं. घरोघर ही यशोदा भिंतीवर बसली. पुढे एका पुरात छापखाना वाहून गेला. मग नदीपलीकडच्या छापखान्याने संधी साधली आणि यशोदेची नक्कल काढली. तीही दगडावरच, आणि इतकी हुबेहूब की दोन्ही शेजारी ठेवल्या तर खुद्द छापणाराही गोंधळला असता.

याच गावात दोन कासार भाऊ राहत होते. बांगड्या विकायच्या आणि बायकांच्या हातात भरायच्या, हा त्यांचा पिढीजात धंदा. आईवडील गेल्यावर त्यांनी घराच्या मधोमध भिंत घातली, पण भिंतीत एक दार ठेवलं. त्या दारातून सकाळी ताक इकडून तिकडे जाई, दुपारी जावाजावांच्या गप्पा चालत आणि पोरं तर दिवसभर आत-बाहेर करत. कुणाचं पोर कुठे जेवलं याचा हिशेब कुणी ठेवत नसे.

थोरला अंगापिंडाने दांडगा होता. भरलेली पेटी एका हाताने उचलायचा. फक्त सुईला भ्यायचा. पायात काटा रुतला आणि बायको सुई घेऊन आली, की हा लंगडत अंगणाबाहेर. लेकीचे कान टोचले त्या दिवशी तो पलीकडच्या आळीत जाऊन बसला होता. सगळं गाव त्याला त्यावरून हसायचं, आणि तोही हसायचा. असं का, हे त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

धाकटा किडकिडीत आणि हळवा. लहानपणी सतत आजारी असायचा.

दोघांच्याही घरी भिंतीवर एकेक यशोदा होती. वडील बांगड्यांची पेटी घेऊन गावोगाव फिरत. त्यांनी ही चित्रं कुठून आणली ते त्यांनी कधी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. आई जाताना एक थोरल्याला देऊन गेली, एक धाकट्याला.

मात्र दोन्हींत एक फरक होता. त्या काळी बायका देवादिकांची छापील चित्रं नुसती टांगून ठेवत नसत. दुपारी कामं आवरली की चित्र मांडीवर घेत आणि सुईदोरा घेऊन त्याला सजवत. मुकुटावर टिकल्या, गळ्यात मणी, लुगड्याच्या जागी खऱ्या लुगड्याचा तुकडा. धाकट्याची यशोदा अशी सजलेली होती. आईने आपल्या लग्नातल्या लाल शालूचा पदर कापून तिला नेसवला होता आणि कमरेपासून पावलांपर्यंत सोनेरी टिकल्यांची एक ओळ शिवली होती. ओळ जराशी वाकडी गेली होती. आईची नजर तेव्हा अधू व्हायला लागली असेल, असं धाकटा म्हणायचा, आणि पाहुणे आले की त्या ओळीसमोर उभा राहायचा.

थोरल्याची यशोदा कोरीच होती. कागद, रंग, बास. शिवाय तिच्या लाल लुगड्यावरून केसाएवढी बारीक पांढरी रेघ वाकडीतिकडी खाली गेली होती. चित्रात खोट आहे, हे थोरल्याला कायम सलायचं. पण तोंडाने तो काही बोलला नव्हता.

अशी वर्षं गेली असती आणि आपल्याला ही गोष्टही मिळाली नसती. पण त्या राज्याच्या राणीला प्रश्न पडायची खोड होती. पाऊस खालून वर का पडत नाही, इथपासून तिचे प्रश्न सुरू व्हायचे. एके दिवशी तिला प्रश्न पडला की त्या बुडालेल्या छापखान्याची अस्सल यशोदा अजून कुठे धड उरली असेल का? लगेच दवंडी पिटली गेली. ज्याच्या घरी अस्सल यशोदा असेल, त्याने सांगावं. राणीची पारखी येऊन तपासेल. चित्र खरं निघालं तर राजवाड्याच्या चित्रशाळेत लागेल आणि त्याखाली त्या घराण्याचं नाव कोरलं जाईल.

दवंडी ऐकली आणि दोघे भाऊ एकाच वेळी मधल्या दारात आले.

"आपली यशोदा अस्सल आहे," थोरला म्हणाला.

"हो, आपलीच अस्सल आहे," धाकटा म्हणाला.

दोघेही हसले. मग थोरल्याच्या लक्षात आलं, की 'आपली' म्हणताना धाकटा मान आपल्या घराकडे वळवतो आहे.

"तुझी कशी असेल?" तो म्हणाला. "तुझी पलीकडची नक्कल. म्हणून तर आईने ती टिकल्यांनी झाकून टाकली. खऱ्याला कशाला हवा एवढा साज?"

धाकट्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "वा दादा! तुझ्या चित्राला आईने एक टाका तरी घातला का? खरं असतं तर तिने ते असं कोरडं ठेवलं असतं? ते तर फाटकंही आहे. रेघ बघ त्यावरची!"

झालं. इतकी वर्षं दोघांनी मनात दाबून ठेवलेलं सगळं त्या एका दारात बाहेर आलं. भांडण चित्रावरून नव्हतंच, हे ऐकणाऱ्या कुणालाही कळलं असतं. आईचा लाडका कोण, याचं ते भांडण होतं. चाळिशी उलटलेले दोन बाप्ये, पण भांडत होते रांगत्या पोरांसारखे.

शेवटी थोरला म्हणाला, "ठरलं तर. पारखी येऊ दे. ज्याचं चित्र खोटं निघेल, त्याने हे दार आपल्या हाताने विटांनी बुजवायचं. पुन्हा आईचं नावही काढायचं नाही."

"कबूल!" धाकटा म्हणाला.

कबूल म्हणून झाल्यावर दोघांनाही कसंतरीच झालं. पण शब्द मागे कोण घेणार? थोरल्याने विटा आणून दाराशी रचल्या. धाकट्याने शेजारी चिखल कालवून ठेवला. त्या दिवशी ताकाचं भांडं दारापर्यंत आलं आणि परत गेलं. पोरं विटांवर चढून खेळू लागली, तर दोन्ही आयांनी त्यांना ओरडून खाली उतरवलं आणि मग एकमेकींकडे बघत दोघी आपापल्या चुलीकडे वळल्या.

ठरल्या दिवशी सकाळी थोरल्याची बायको पाण्याला गेली. थोरल्याने हळूच चित्र चौकटीतून काढलं, बायकोची आळत्याची वाटी घेतली, काडीला कापूस गुंडाळला आणि ती पांढरी रेघ वरपासून खालपर्यंत लाल रंगवून टाकली. मग लांबून पाहिलं. रेघ गायब! यशोदेचं लुगडं अखंड झालं. त्याला इतकं हलकं वाटलं, की त्याने आळत्याची वाटी धुऊन जागच्या जागी ठेवली. एरवी त्याने घरातली वाटी कधी धुतली नव्हती.

दुपारी पारखीबाई आल्या. उंच, सडपातळ, गळ्यात गोफात अडकवलेलं भिंग. राणीला प्रश्न पडायची खोड, तर यांना उत्तर मिळेपर्यंत न हलण्याची. आल्या आल्या थोरल्या जावेने लाडू पुढे केला.

"काम झाल्यावर," बाई म्हणाल्या. "तुपाचा हात आणि जुना कागद यांची गाठ घालू नये. आधी हात धुवायला पाणी द्या."

उजेड सगळ्यात चांगला मधल्या दारात होता. बाईंनी उंबऱ्यावर बैठक मारली. एकीकडे थोरल्याचं घर, एकीकडे धाकट्याचं. दोन्हीकडची माणसं दाटीवाटीने उभी राहिली.

आधी थोरल्याचं चित्र. बाईंनी ते नाकाशी नेलं, कडा बोटांत चाचपली, मग भिंग कृष्णाच्या गालावर धरलं. "बघायचंय?" त्यांनी पोरांना विचारलं. पोरांनी एकेक करून पाहिलं. भिंगाखाली कृष्णाचा गाल म्हणजे नुसता सांडलेला निळा रवा दिसत होता.

"ही दगडाची खूण," बाई म्हणाल्या. "खडबडीत दगडावर खडू फिरला की असा रवा पडतो. म्हणजे हे शिळाछाप आहे, एवढं पक्कं."

थोरल्याने छाती फुगवली.

"पण पलीकडची नक्कलही दगडावरचीच होती. तिच्यातही रवा असतो. खरी ओळख पटते ती दुसऱ्याच खुणेवरून." बाईंनी भिंग यशोदेच्या लुगड्यावर आणलं. वरून खाली नेलं. खालून वर नेलं. त्यांच्या भुवया जवळ आल्या. "नाही," त्या म्हणाल्या. "लुगडं अखंड आहे. मग हे पलीकडचं."

"म्हणजे?" थोरल्याने विचारलं.

"जुन्या छापखान्याच्या लाल रंगाच्या दगडाला एक बारीक चीर गेली होती. तसा दुसरा दगड मिळेना, म्हणून ते तसंच छापत राहिले. चिरेत शाई जायची नाही. म्हणून त्यांच्या प्रत्येक यशोदेच्या लुगड्यावर केसाएवढी पांढरी रेघ उमटायची. नक्कल करणारा हुशार होता. त्याला वाटलं ही चूक आहे, म्हणून त्याने ती भरून काढली. मी याआधी ज्या अस्सल यशोदा पाहिल्या, त्या वाळवीने खाल्लेल्या आणि चिकटवलेल्या होत्या, पण प्रत्येकीवर ही रेघ होती. तुमच्या यशोदेवर ती नाही."

थोरला विटांवर बसला. ज्या रेघेची त्याला जन्मभर लाज वाटली, ती त्याने त्याच सकाळी आपल्या हाताने पुसली होती. आता सांगावं तर अब्रू जाते, न सांगावं तर यशोदा जाते.

बाई चित्र खाली ठेवणार, एवढ्यात त्यांनी ते तिरकं धरलं. उन्हाची तिरीप लुगड्यावर पडली. "अरेच्चा!" त्या पुटपुटल्या. "इथला रंग चकाकत नाही. बाकीचा चकाकतो." पुन्हा भिंग. "तेलाची शाई वर चकाकते. हे मात्र कागदात मुरलंय. पाण्यातला रंग आहे हा. कुणीतरी…" त्यांनी भिंगातूनच थोरल्याकडे पाहिलं. भिंगात त्यांचा डोळा केवढा तरी मोठा दिसत होता.

"आळता," थोरला म्हणाला. मान खाली.

"माझा?" त्याच्या बायकोने विचारलं. "तरीच म्हटलं, वाटी धुतलेली कशी!"

सगळे हसले. धाकटाही हसला, मग आपण हसलो हे आठवून त्याने तोंड मिटलं.

"खोट वाटली म्हणून झाकली," थोरला म्हणाला.

"साक्षीदारालाच कोंडून ठेवलंत की हो!" बाई म्हणाल्या. "पण नशीब तुमचं. शाईवर आळता टिकला नाही, फक्त कोऱ्या चिरेत मुरला. हे चित्र अस्सल आहे."

थोरला उठला. एवढा मोठा गडी, पण लहान पोरासारखा टाळ्या वाजवायचा तेवढा राहिला. "ऐकलंस?" तो धाकट्याला म्हणाला. "माझं खरं! आता तुझं काढ."

धाकट्याने आपलं चित्र दोन्ही हातांनी आणलं. बाईंनी कृष्णाच्या गालावर भिंग धरलं. रवा होता. पण लुगड्याच्या जागी आईचा शालू होता, आणि तो कडेकडेने घट्ट शिवलेला होता. खाली रेघ आहे की नाही, कसं दिसणार?

बाईंनी पिशवीतून एक चिमुकली कात्री काढली. खरं सांगायचं तर त्यांची बोटं शिवशिवत होती. आत काय आहे हे पाहिल्याशिवाय त्यांना झोप लागली नसती. पण चित्र त्यांचं नव्हतं. त्यांनी कात्री धाकट्यापुढे धरली.

"शालू उसवावा लागेल," त्या म्हणाल्या. "रेघ निघाली तर तुमचंही चित्र अस्सल. उसवायचं नसेल, तर मला ते अस्सल म्हणता येणार नाही. सांगा."

कोपऱ्यात कुठेतरी बांगडी किणकिणली.

धाकट्याने शालूवरून बोट फिरवलं. तापाने फणफणून तो महिनाभर अंथरुणात होता, तेव्हा आई उशाशी बसून हेच शिवत असायची. डोळे उघडले की तिचा हात वर जाताना दिसायचा, दोरा लांबच लांब ताणलेला. मग तो पुन्हा झोपायचा. हात दिसतोय म्हणजे आई आहे, एवढं त्याला पुरायचं.

"उसव की!" थोरला म्हणाला. "घाबरतोस कशाला?"

"नको," धाकटा म्हणाला.

"म्हणजे हरलास?"

"हरलो म्हण. पण आईचा एकही टाका मी उसवणार नाही. तिने हे माझ्यासाठी शिवलंय. खाली काय छापलंय ते कळण्यासाठी वरचं फाडायचं, हे मला नाही जमणार." आणि तो विटांपाशी गेला. वाकून त्याने चिखल घेतला, उंबऱ्याच्या टोकाला थापला, पहिली वीट ठेवली. मग दुसरी. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते तो पुसतही नव्हता.

धाकटी जाऊ भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पोरं कावरीबावरी झाली. थोरल्याला खरं तर आनंद व्हायला हवा होता. तो कुठे गेला, हे त्याचं त्यालाच समजेना.

"एक मिनिट थांबा हो," पारखीबाई म्हणाल्या. त्या अजून धाकट्याच्या चित्राकडेच बघत होत्या. "ही टिकल्यांची ओळ अशी वाकडी का आहे?"

"आईची नजर अधू झाली होती," धाकटा वीट हातात धरून म्हणाला.

"अधू? गळ्यातले मणी बघा, एकही इकडचा तिकडे नाही. कडेचे टाके मोजून घातल्यासारखे सारखे आहेत. मग ही एकच ओळ वाकडी? आणि निऱ्या तर सरळ पडतात." बाई स्वतःशीच बोलत होत्या. "उसवायचं नाही म्हणालात. उलटायला तर हरकत नाही ना?"

धाकट्याने मान डोलावली. बाईंनी चित्र पालथं केलं.

पाठीमागे सगळे दोरे दिसत होते. कडेचे टाके लांब लांब, सारख्या अंतरावर घातलेले. पण वाकड्या ओळीतले टाके अगदी दाट, एकाला एक चिकटून. सुईची भोकं इतकी जवळ होती, की त्या ओळीत कागद असा उरलाच नव्हता. दोन्ही बाजूंना दोऱ्यानेच धरून ठेवलं होतं.

बाईंनी पातळ कागद घेतला आणि थोरल्याच्या चित्रावर अंथरला. लाल झालेली ती रेघ कोळशाने त्यावर गिरवली. मग कागद उलटा करून धाकट्याच्या चित्राच्या पाठीवर ठेवला.

रेघ दोऱ्याच्या ओळीवर जाऊन बसली. कमरेपाशी डावीकडे वळण, गुडघ्याशी उजवीकडे, पावलांपाशी पुन्हा आत. एका वळणाचाही फरक नव्हता.

"रेघ आहे!" थोरल्याची लेक ओरडली.

"आहे," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की जणू त्यांच्याच घरची यशोदा सापडली. "तुमच्या आईला वाटलं असेल, यशोदेचं लुगडं फाटलंय. बाई आपलं फाटलेलं लुगडं सांधते, तसं तिने ते चिरेवर टाके घालून सांधलं आणि वर शालू नेसवून त्याच ओळीवर टिकल्या लावल्या. हे चित्रही अस्सल आहे. आणि ऐका, ही ओळ उसवली असती तर कागद तिथेच उभा फाटून हातात आला असता. नाही म्हणालात म्हणून वाचलं."

"पण दोन्ही अस्सल कशी असतील?" थोरल्याने विचारलं.

"का नसतील? एका दगडावरून एकच कागद छापतात का? एक अस्सल निघालं म्हणून दुसरं खोटं ठरतं, हे तुम्हाला सांगितलं कुणी?"

दोघे भाऊ एकमेकांकडे बघू लागले. सांगितलं तर कुणीच नव्हतं.

थोरला दाराशी रचलेल्या विटांवर बसला. मग अगदी हळू, पोरांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्याने विचारलं, "बाई, मग माझ्या यशोदेचं लुगडं आईने का नाही सांधलं?"

पारखीबाई कितीही हुशार असल्या तरी याचं उत्तर भिंगात दिसत नाही, हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी खोड सोडली नाही. थोरल्याचं चित्रही त्यांनी पालथं केलं आणि उन्हाकडे धरलं.

कागदातून उजेडाचे बारीक ठिपके दिसले. रेघेच्या वरच्या टोकाला, कमरेपाशी. थोडेच, पण एका ओळीत. सुईची भोकं.

"सुरुवात केली होती हो," बाई म्हणाल्या. "चार-सहा टाके घातले आणि मग काढून टाकले. का, ते मला नाही सांगता येणार."

थोरला त्या ठिपक्यांकडे बघत राहिला. आणि त्याला आठवलं. आईची मांडी. मांडीवर यशोदा. आईने सुई खुपसली ती नेमकी यशोदेच्या कमरेत, आणि लहानग्या थोरल्याने एवढा आकांत मांडला, की शेजारपाजारचे धावत आले. माझ्या यशोदेला टोचू नकोस! तिला दुखतं! तिला दुखतं! आईने त्याला जवळ ओढलं होतं. एकेक टाका अलगद काढला होता. "बरं बाबा, नाही टोचत. तुझी यशोदा तशीच राहू दे," असं म्हणाली होती. आणि तशीच ठेवली. आयुष्यभर. शेजारणी म्हणायच्या, अगं हिला कोरी का ठेवलीस, तर नुसती हसायची.

तेव्हापासून तो सुईला भीत आला होता. भीती लक्षात राहिली आणि आईने ऐकलं होतं, तेवढं मात्र तो विसरला होता.

"मीच नको म्हणालो होतो," थोरला म्हणाला. तो हमसून हमसून रडला, अगदी सगळ्यांसमोर, आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही. धाकट्याने हातातली वीट खाली ठेवली आणि चिखलाच्या हातांनीच भावाला मिठी मारली. थोरल्याच्या पांढऱ्या अंगरख्यावर दहाही बोटं उमटली.

थोड्या वेळाने, सगळ्यांनी डोळे पुसल्यावर आणि बाईंनी अखेर लाडू खाल्ल्यावर, कामाचा प्रश्न निघाला. चित्रशाळेसाठी यांतलं कोणतं न्यायचं?

"दादाचं न्या," धाकटा म्हणाला. "त्यात रेघ उघडी दिसते."

"छे! याचं न्या," थोरला म्हणाला. "याच्यावर आईचं काम आहे."

"दादा, मी सांगतो ना…"

"तू गप रे!"

पुन्हा भांडण पेटणार असं दिसताच थोरली जाऊ मध्ये पडली. "कोणतंच जायचं नाही," तिने सांगितलं. "राणीसाहेबांना बघायचं असेल तर येऊ देत की इकडे. येतील तशा बांगड्याही भरून जातील."

पारखीबाई रिकाम्या हाताने राजवाड्यावर परतल्या. राणीने विचारलं, "काय, खोटी निघाली?"

"नाही. दोन्ही खरी निघाली, म्हणून तर आणता आली नाहीत," बाई म्हणाल्या आणि त्यांनी सगळी हकिगत सांगितली. राणीला लगेच पंधरा नवे प्रश्न पडले. दुसऱ्याच आठवड्यात पालखी कासारांच्या दाराशी उभी राहिली.

मधल्या दाराच्या एका अंगाला कोरी यशोदा लावली होती, दुसऱ्या अंगाला सजलेली. आणलेल्या विटा परत कोण नेणार, म्हणून भावांनी त्यांचा दाराशीच बसका ओटा बांधून टाकला होता. राणी त्या ओट्यावर बसली. एका हातात थोरल्याने बांगड्या भरल्या, दुसऱ्या हातात धाकट्याने. राणीची मान सारखी इकडून तिकडे वळत होती. शेवटी ती उठली, कोऱ्या यशोदेपाशी गेली आणि भिंतीवरून चित्र काढायची परवानगी मागून ते उन्हात पालथं धरलं. ते बारीक ठिपके तिने बराच वेळ पाहिले.

गावातल्या बायका अजूनही त्याच ओट्यावर बसून बांगड्या भरतात, असं म्हणतात. आणि ताकाचं भांडं तर त्या दिवशी संध्याकाळीच दारातून पलीकडे गेलं होतं.

तात्पर्य: एकाचं खरं निघालं म्हणून दुसऱ्याचं खोटं ठरत नाही, आईच्या मायेत तर मुळीच नाही. म्हणून काही फाडण्याआधी आणि दार बुजवण्याआधी चित्र एकदा उलटून पाहावं.